आचाऱ्याचं रिकामं पोट

उभी हयात कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भट्टीपुढे काढलेला माणूस. सगळे त्यांना आचारीबुवा म्हणत. जिभेला पटल्याशिवाय पातेलं बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, मग साहेब पंगतीत खोळंबले तरी बेहत्तर.

महिनाभर बुवांचं हृदय वाटेल तसं धडधडत होतं. जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी. विजेचा झटका दिला की ठोके ताळ्यावर येतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण आधी हृदयात रक्ताची गाठ नाही ना, ते बघायला हवं. छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत हृदयाचा मागचा कोपरा नीट दिसत नाही. अन्ननलिका मात्र हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते, म्हणून तोंडातून नळी घालून तिथून बघायचं. बायको वैतागली होती. तपासण्यांचं हे शेपूट संपवून, एकदाचा झटका देऊन तिला नवरा घरी न्यायचा होता.

उपाशीपोटी या, असं बजावलं होतं. त्या सकाळी दवाखान्यात जाता जाता बुवा किल्ल्या द्यायला कॅन्टीनमध्ये डोकावले. भाजी उकळत होती. डाव कधी हातात आला आणि जिभेला कधी लागला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. जित्याची खोड, ते स्वतःशीच हसले. मग म्हणीतले पुढचे शब्द आठवले आणि त्यांना घाम फुटला.

टेबलावर आडवं करून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही खाल्लं नाही ना? बायको दारातच उभी होती. बुवा नाही म्हणाले. नर्स घसा बधिर करायचा फवारा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. बुवांची पाचावर धारण बसली. त्यांनी तिचा हात धरला.

"थांबा. मी भाजी चाखलीय. चांगले दोन डाव."

तपासणी संध्याकाळवर गेली. बायको दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून घड्याळ बघत बसली, आणि त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

संध्याकाळी नळी आत गेली. गुंगी उतरली तेव्हा डॉक्टरीणबाई बायकोला पडद्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पिशवीतला पांढुरका ठिपका दाखवत होत्या. गाठ होती. आता झटका नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, काही आठवड्यांनी पुन्हा नळी, मग बघू.

"आणि तसाच झटका दिला असता तर?" बायकोने विचारलं.

"गाठ सुटून मेंदूत जाऊ शकली असती."

बायकोने खुर्ची ओढून बुवांच्या उशाशी घेतली.

गाठ आत तशीच घेऊन घरी जायचं होतं. बुवांना खोकायचीसुद्धा भीती वाटत होती. जिन्याच्या तोंडाशी ते थबकले. महिनाभर त्यांच्यामागे घाई लावणाऱ्या बायकोने त्यांचा दंड घट्ट धरला.

"हळू चला," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"