'होप' आणि 'विश' शिकवणारे आमचे सर

भोकरदनच्या शाळेत आठवीला असताना सरांची पहिली गाठ पडली. मी मेंढरांमागून आलेला. इंग्रजीचा तास म्हटलं की मी मागच्या बाकावर दडायचो. सरांच्या वर्गात मात्र अर्थ पाठ करायला बंदीच होती. ज्याने त्याने आपल्या घरातली गोष्ट सांगायची, शब्द सर जोडून देत. मी म्हणालो, "चुकलेली मेंढी सांजच्याला येईल म्हणून बा वाट बघून राह्यला." सर म्हणाले, "हे होप. आता विशचं सांग." मी म्हणालो, "आमचा कुत्रा मेला. तो असता तर लई बरं झालं असतं." सरांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दुपारी ते मला घरी जेवायला घेऊन गेले. काकूंनी पोटच्या पोरासारखं वाढलं.

पुढे मीही इंग्रजीचाच मास्तर झालो. निवृत्तीनंतरही सर माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासून देत. या दोन शब्दांची अदलाबदल दिसली की भडकत. "अरे, घडू शकतं आणि आता घडणारच न्हाई, यात काही फरक आहे का न्हाई?" शब्दाच्या बाबतीत त्यांनी कुणाचीच गय केली नाही, माझी तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात काकूंना जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं, काही करता आलं असतं तर किती बरं होतं. वाक्याची सुरुवातच 'विश'ने होती. खाटेजवळ गेलो तर काकूंनी विचारलं, "काय म्हन्ले डॉक्टर?"

"होप आहे म्हन्ले," सर म्हणाले. "बिलकुल घाबरू नको."

जन्मभर दुसऱ्यांचा हा शब्द खोडणारा माणूस! मी तोंड फिरवून उभा राहिलो. आठवडाभरात काकू गेल्या.

आता सर फारसे बोलत नाहीत. वह्या नेल्या तर न उघडताच परत करतात. ते पुन्हा पहिल्यासारखे होतील, असं खरं सांगायचं तर मला वाटत नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचं सांगायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "पंच्याहत्तरी कशाला करून राह्यले रे? लिहायचं तर लिही. पण माझ्यासाठी आयुष्य मागू नको."

मंडळी, मी मागणार आहे. सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. रागवायचं तर रागवा. तुमच्यामागे मला रागावणारं माणूस या गावात उरत नाही.