इंदुरीच्या आबांची सर्दी

तळेगावच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात मी सिस्टर. थंडी पडली की आमचा वॉर्ड भरतो आणि माझी किश्श्यांची पोतडीसुद्धा! बाळं बरी होऊन घरी जातात, किस्से मात्र माझ्याकडेच मुक्कामाला.

यातले निम्मे किस्से आरएसव्ही नावाच्या व्हायरसचे. मोठ्यांना त्याने बहुधा नुसती सर्दी होते. तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनळ्या मात्र सुजतात, कफ भरतो, धाप लागते, दूध ओढता येत नाही.

*

एका बाळाचे पप्पा कंपनीत इंजिनिअर. "डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या ना!"

डॉक्टर म्हणाले, "या व्हायरसवर तसलं औषध नाही हो. नाक साफ ठेवायचं, लागला तर ऑक्सिजन, थोडं थोडं दूध आणि धीर."

पप्पांनी सगळं मोबाईलवर टिपून घेतलं. "शेवटचं किती एमएल?"

*

जवळच्या इंदुरी गावची स्वाती दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

ऑक्सिजन लावता लावता विचारलं, "घरात कुणाला सर्दी?"

"न्हाई बा, कुणालाच न्हाई," सासरे, म्हणजे आबा, म्हणाले.

स्वातीची चार वर्षांची चिऊ मधेच ओरडली, "आबाला हाय की! आन आबा बाळाची लय पप्पी घेत्यात!"

आबा लगेच शिंकले! खोटं कशाला बोलू, मला भयंकर राग आला. मास्क हातात देऊन त्यांना सरळ गेटजवळच्या बाकावर बसवलं.

*

स्वातीला मी बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. पूर्ण मिनिटभर, छाती किती वेळा वर येते ते बघायचं; आकडा पन्नासच्या आत आला की बरं.

मी गेटपाशी दिसले की आबा उठून उभे. "शिस्टर, किती?"

"बहात्तर."

दुसऱ्या दिवशी, "किती?"

"सत्तर."

आबांचा डबा तसाच बंद. "माज्यामुळंच झालं ओ हे. त्याला काय झालं तर मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. "आबा, हा व्हायरस कुणाकडूनही लागतो. तुम्ही काय मुद्दाम दिलात? जेवा आधी!"

चौथ्या दिवशी मी लांबूनच ओरडले, "चव्वेचाळीस! ऑक्सिजनची नळी काढली! दूध ओढतोय!"

आबा बाकावर बसून लहान पोरासारखे रडले.

*

डिस्चार्जच्या दिवशी स्वाती बाळाला गेटपाशी घेऊन आली. "आबा, घ्या की."

आबा दोन पावलं मागं सरकले. "नगं. म्या न्हाई घेनार."

"सर्दी गेली ना तुमची? मग हात धुवा आणि घ्या," मी दटावलं.

आबांनी कोपरापर्यंत हात घासले, एकदा सोडून तीनदा. मास्क नीट केला आणि बाळाला अलगद घेतलं. पप्पी नाही, काही नाही, नुसते बघत राहिले.

तेवढ्यात बाळ त्यांच्या तोंडावरच फटकन शिंकलं! स्वाती घाबरून पुढे धावली.

आबांनी डोळेसुद्धा पुसले नाहीत. बाळाला आणखी जवळ धरलं.

"दे रं राजा, दे! माजी मला समदी माघारी दे!"