भावीअण्णांचं पहिलं भाषण

निवडणुकीचा अर्ज भरण्याआधी लोक देवाला नारळ फोडतात, पैपाहुण्यांना फोन करतात. भावीअण्णा आधी निवडून आल्यानंतरचं भाषण पाठ करायचे. मग उभे राहायचे, मग पडायचे. ग्रामपंचायत, सोसायटी, दूध डेअरी, शाळेची समिती, जिथे म्हणून मतदान होतं तिथे अण्णा पडले. डिंगोऱ्याच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या स्टँडवर 'भावी सरपंच' लिहिलेला, हात जोडलेला त्यांचा फ्लेक्स इतक्या वेळा लागला की त्यांचं खरं नाव लोक विसरून गेले. पोस्टमनसुद्धा भावीअण्णांचं घर विचारत यायचा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "पडायची तयारी करावी लागत न्हाई," ते म्हणायचे. "निवडून यायची करावी लागती."

त्यांच्याशी माझी गट्टी जमली ती माझ्या पीएच.डी.मुळे. मी मंचरला कॉलेजात मराठी शिकवतो. सरपंचापासून दिल्लीतल्या बड्या नेत्यांपर्यंत, निवडून आल्यावर माणूस पहिल्या भाषणात काय बोलतो आणि कोणत्या क्रमाने बोलतो, हा माझा विषय. कित्येक वर्षं डोळे फोडून मी शोध लावला की अशा भाषणाला सात टप्पे असतात. आधी देवाचं आणि थोर पुरुषांचं नाव, मग व्यासपीठावरचे मान्यवर, मग मतदारांचे आभार, मग 'हा विजय माझा नसून तुमचा आहे', मग पडलेल्यांना सोबत घ्यायची भाषा, मग रस्ता-पाणी-गटार आणि शेवटी एखादा शेर. हे मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "हे तर शेंबड्या पोराला ठाऊक हाय. ह्याच्यासाठी रजा काढली व्हती तुमी?"

घरी कदर होईना, म्हणून मी अण्णांकडे गेलो. ते हरखले आणि मला थेट कांदा साठवायच्या बराकीत घेऊन गेले. त्यांचा सराव तिथेच चालायचा. दोन्ही बाजूंना कांद्याची थप्पी, मधे अण्णा, हातात माइक म्हणून टॉर्च. "कांदं भाषणातनं उठून जात न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. मी पालथ्या क्रेटवर बसून टप्पे मोजायचो. पहिले दोन टप्पे माझ्या सिद्धान्ताबरहुकूम पार पडायचे आणि आभाराशी गाडी रुतायची. कारण अण्णा मतदारांचे एकगठ्ठा आभार मानत नसत, घराघराचे मानायचे. कुणी त्यांच्या आईला दवाखान्यात न्यायला जीप काढली होती. कुणी विहिरीत पडलेलं त्यांचं वासरू वर काढलं होतं. ज्या आप्पांनी त्यांना दरवेळी पाडलं, त्यांचेही आभार होते, गावात चुरस टिकवली म्हणून.

"अण्णा, हा टप्पा फार लांबतोय. प्रमाण बिघडतं," मी पंडिती थाटात म्हणालो. "आणि जीपवाल्यांनी तुम्हाला मत तरी दिलं का?"

"मत न्हाई दिलं, डॉक्टर," अण्णा म्हणाले. पदवीच्या आधीपासून ते मला डॉक्टर म्हणायचे. "पन जीप दिली व्हती ना राव!"

हे भाषण प्रबंधात घ्यावं असं माझ्या मनात आलं. पण आमचे मार्गदर्शक म्हणाले, न झालेलं भाषण अभ्यासाला चालत नाही. झालं, अण्णा निवडून येण्याची माझीच घाई जास्त झाली. त्या वर्षी मी त्यांच्या प्रचाराला दारोदार फिरलो, मतदारांना लोकशाही समजावून सांगितली. अण्णांची मतं आधीपेक्षाही कमी झाली.

पुढच्या खेपेला मी घरीच बसलो. समोरच्याचा अर्ज छाननीत बाद झाला आणि अण्णा बिनविरोध सदस्य झाले. बिनविरोधाला कसली सभा? पण आमच्याकडे उपसरपंचपद आपसांत वाटून घेतात. ठरलेले महिने भरले की एकाने राजीनामा द्यायचा, दुसऱ्याने बसायचं. अण्णांची पाळी सगळ्यात शेवटी लागली. सभा ठरली, मारुतीच्या देवळापुढे, दुपारी उशिरा.

आता आमच्याकडे निवडून कुणीही येवो, सत्कार सगळ्यांचा करावा लागतो. एखाद्याचं नाव राहिलं तर तो पुढच्या यात्रेपर्यंत बोलत नाही. त्यामुळे सगळ्या आजी-माजींना शाल-श्रीफळ झालं. शेवटी 'भाषणांचे गाढे अभ्यासक' म्हणून मलाही फेटा बांधला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनच शब्द बोललो असं मला अजून वाटतं. बायकोचं मत वेगळं आहे.

अण्णांच्या हातात माइक आला तेव्हा दिवस डोंगराला टेकला होता. देवळामागे लगेच ऊस, आणि उसात बिबट्या. अंधाराला आमच्याकडे कुणी बाहेर थांबत नाही. पण अण्णांसाठी लोक चुळबुळत का होईना बसून होते. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं. अण्णांनी एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा पुढे बसलेल्या बायाबापड्यांकडे.

"मंडळी, उजेड हाय तवर घरला जावा. पोरास्नी मधी घ्या. बाकीचं मी घरी यिऊन सांगतो."

एवढं बोलून त्यांनी माइक खाली ठेवला. मला रडूच यायचं बाकी होतं. "अण्णा, इतकी वर्षं घोकलंत! एखादा टप्पा तरी घ्यायचा!"

"ऊस लागूनच हाय, डॉक्टर. भाषण काय पळून चाललंय?" ते म्हणाले. बोलताना मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

मला वाटलं, घरी येऊन सांगतो हे बोलायची पद्धत म्हणून म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून अण्णा खरंच निघाले. सकाळी एक घर. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, त्या घराच्या वाटणीचे आभार सांगायचे आणि उठायचं. जीपवाल्यांच्या म्हातारीने ऐकून डोळ्याला पदर लावला. आप्पांना वाटलं, हा आता टोमणा मारणार. चुरशीचे आभार ऐकल्यावर ते अण्णांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. निवडून आल्यावरचं एवढं लांब पहिलं भाषण माझ्या अभ्यासात दुसरं नाही. ते महिनोन् महिने चाललं.

"आमच्याकडे कधी?" मी विचारलं.

"तुमचं शेवटी. तुमाला सगळं पाठच हाय की."

थंडी सरता सरता अण्णा कांद्याला पाणी भरून आले, ओट्यावर टेकले आणि उठलेच नाहीत.

दशक्रियेला तालुक्याचे पुढारी आले. एकेकजण श्रद्धांजलीला उभा राहिला आणि मी नदीकाठी सवयीने टप्पे मोजायला लागलो. बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आलो. फार लाज वाटली.

पुढे मी खरोखरचा डॉक्टर झालो. अण्णांची ती तीन वाक्यं प्रबंधात नाहीत, कुठल्याच टप्प्यात बसेनात. त्यांचं बराकीतलं भाषण मात्र मला तोंडपाठ आहे. फक्त आमच्या घराचा भाग येत नाही. मी पुढ्यात बसलेला असायचो, म्हणून ते "तुमच्या तोंडावर काय सांगू" म्हणत तेवढं गाळून पुढे जायचे. आमच्या घराने त्यांच्यासाठी कधी काय केलं होतं, मला आठवत नाही. आईला विचारलं, तिलाही आठवेना. पण काहीतरी असणार. अण्णा उगीच कुणाचे आभार मानत नसत.