भावाची फाइल

मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आमच्याकडे लिहिलेला नियम एक आणि चालणारा दुसरा. ज्याचा माणूस येऊन टेबलाशी उभा राहील त्याची फाइल वर यायची. जो येणार नाही त्याची आपोआप तळाला. यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटतच नसे.

थोरला भाऊ मुंबईची नोकरी सोडून पालीला परतला, तो काजूचा कारखाना काढायला. आपली काजूबी पोत्यांतून घाटावर जाते आणि तिथून गर होऊन परत येते, याची त्याला फार चीड होती. घरच्या कातळावर त्याने शेड घातली. परवानगीआधीच, सगळेच घालतात. यंत्रं आणली, गावातल्या दहा-बारा बायकांना काम कबूल केलं. राहिली फक्त बिनशेती परवानगी. तिच्यावाचून वीज मिळणार नव्हती.

अर्ज माझ्या शेजारच्या टेबलावर आला. भाऊ एकदाही विचारायला आला नाही. आपला माणूस आत बसलाय, मग हेलपाटे कशाला? आणि घरच्या फाइलला हात लावायचा नाही, हा माझा बाणा. शेजाऱ्याला वाटलं, घाई असती तर हा बोलला असता. दुसऱ्या खात्याचा अभिप्राय मागवायचं चार ओळींचं पत्र तेवढं जायचं होतं. ते गेलं नाही. कोणी पैसे मागितले नाहीत, मुद्दाम कोणी अडवलं नाही. मला राग येतो तो याचाच, आणि लाज वाटते ती माझी.

दोन हंगाम गेले. कबूल केलेल्या बायकांतल्या काही हातखंब्याला हॉटेलात भांडी घासायला लागल्या. भावाने गंजलेली यंत्रं कोल्हापूरच्या एकाला विकली आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा मुंबई गाठली, एका सोसायटीत वॉचमन म्हणून. निघताना एवढंच म्हणाला, "तू आत होतास म्हणून मी निर्धास्त होतो रे."

परवानगी पुढच्या वर्षी निघाली. शेजाऱ्याची बदली झाली होती आणि नव्या माणसाने टेबल आवरायला घेतलं होतं. आदेश मी स्वतः पालीला नेला. वहिनी रिकाम्या शेडमध्ये लाकडं रचत होती. मी वाचून दाखवल्यावर तिने हात पदराला पुसून कागद घेतला आणि घडी घातली.

"भावोजी, आमच्याकडे कामाला येणार होत्या त्यातल्या एकीचा पोल्ट्रीचा अर्ज तुमच्याच हापिसात आहे. तिला सांगू ना, रोज जाऊन उभी ऱ्हा म्हणून?"

मी हो म्हणालो.