साहेबांच्या आवाजातली क्लिप

ती घटना आजही आठवते, असं लिहिलं की तुम्ही लगेच खून शोधणार. खून नाही, दरोडाही नाही. आणि पहिला संशयित मीच होतो.

धरणातून पाणी सोडणार होते. सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर सरकारी मेसेज आला: इतके क्युसेक विसर्ग, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे. लोकांनी वाचला आणि नाश्त्याला बसले. तासाभराने आमच्या पोलीस ठाण्याच्या साहेबांच्या आवाजात क्लिप फिरली. 'पार्किंगमधल्या गाड्या काढा. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांना वर न्या. लिफ्ट वापरू नका.' नदीकाठची अख्खी सोसायटी हलली. पाणी शिरलं तेव्हा तळमजला रिकामा होता.

साहेब म्हणाले, "मी असं बोललोच नाही." सगळं ठाणं माझ्याकडे बघायला लागलं. बार्शीच्या शाळेत मी मास्तरांची नक्कल करायचो, ठाण्यात साहेबांची.

साहेबांनी मला बजावलं, "दोन दिवसांत माणूस आण. नाहीतर तुझाच रिपोर्ट वर जाईल."

खबऱ्याने सांगितलं, क्लिप आधी त्या सोसायटीच्याच ग्रुपवर पडली. मी ती दहा वेळा ऐकली. प्रत्येक वाक्याआधी खाकरणं. साहेब कधीच खाकरत नाहीत. ते मी घालतो, हशा मिळतो म्हणून. म्हणजे या माणसाने साहेबांची नाही, माझी नक्कल केली होती. आणि बीटवर असताना त्या सोसायटीच्या गेटवर चहा पीत मी या नकलेने एकाच माणसाला हसवायचो. वॉचमनला.

अमरावतीकडचा माणूस. समोर बसवला. एक शब्द दरडावावा लागला नाही.

"मीच केलं जी. आधी दारोदार गेलो. लोक म्हणे, सतर्क राहा म्हणजे करायचं काय? खालची आजी अंथरुणावर. मी सांगतलं तं कोणी उठेना. साहेबाच्या आवाजात सांगतलं तं चौघं धावले." मग हळूच, "नोकरी जाते का जी माझी?"

साहेबांनी त्याचा जबाब घेतला, समज देऊन सोडला. मला मात्र तेव्हापासून प्रश्न पडलाय, सरकार आकडा का सांगतं? माणसाला क्युसेक नको असतो. आपली पायरी बुडणार का, आत्ता काय करायचं आणि सांगणारा खरा आहे का, एवढंच हवं असतं.

हे मी साहेबांना ऐकवायला गेलो.

"अक्कल शिकवू नकोस. आजी वाचली, ठीक आहे. उद्या याच आवाजात कोणी 'पाणी ओसरलं, खाली या' म्हणालं तर? तुझं ते खाकरणं ऐकून लोक खाली उतरतील. पुढचा मेसेज तू लिहायचा. गाड्या, म्हातारे, लिफ्ट, सगळं. खाली ठाण्याचा नंबर टाक, लोक खात्री करायला फोन करतील. तो फोन तूच उचलायचा. स्वतःच्या आवाजात."