डॉ. कवडूच्या औषधाची तारीफ

दवनीवाड्याच्या धुरपताबाईंची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे त्याला शेजारच्या सुशिलाबाईंना एका कवडीला विकलं आणि नाव कवडू ठेवलं. इतका स्वस्त माल मृत्यू उचलत नाही, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. कवडू आज हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत कर्करोगावरची औषधं शोधतो. नावामागे डॉक्टर लागतं, म्हणून तो गावी आला की लोक त्याला गुडघे दाखवतात.

आपलं काम तो पंगतीवरून समजावतो. पेशीच्या दारावर 'वाढा' असा निरोप येतो आणि या तोंडून त्या तोंडी करत आतपर्यंत पोचतो. कर्करोगात मधलाच एखादा गडी, निरोप नसताना, 'वाढा, वाढा' म्हणून ओरडत सुटतो. कवडूचं औषध त्या गड्याच्या तोंडावर हात ठेवतं. या एका हातामागे त्याची तरुणपणाची सगळी वर्षं गेली.

अडचण होती ती संस्कारांची. धुरपताबाईंच्या घरी उभ्या धानाला कोणी चांगलं म्हणत नाही, नजर लागते. कवडूने ही शिस्त विज्ञानात नेली. औषधाने उंदरांच्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या, तेव्हा त्याने आकडे चोख मांडले आणि खाली अभिप्राय लिहिला, 'ठीक आहे, पाहू.' मोठ्या पदावरची माणसं आकडे वाचत नाहीत, अभिप्राय वाचतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, तो गावी आला असतानाच बैठक ठरली. दोनपैकी एकच औषध माणसांवरच्या चाचणीकडे जाणार होतं, दुसरं कायमचं कपाटात. कवडू ओसरीत लॅपटॉप मांडून बसला. दुसऱ्या गटातला रोशन आपल्या औषधाबद्दल असा बोलला की मंडईतल्या पाळणेवाल्याने धडा घ्यावा. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी हिंदीत विचारलं, "कवडू, आपको खुद भरोसा नहीं है, तो इसे बंद कर दें?"

कवडू म्हणाला, देखते हैं.

धुरपताबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. गोंदियाच्या बाजाराने त्यांना हिंदी पुरेशी शिकवली होती. त्यांनी त्याला आवाज बंद करायला लावला आणि औषध खरंच कसं आहे ते विचारलं. चांगलं आहे, तो हळूच म्हणाला.

"मंग काऊन चूप बसून राहिला?"

"नजर लागंल ना, माय."

"मी तुले कवडीत इकलं होतं. पन सांजेले वापस आनलं का नाही? खरंच देऊन टाकाले इकते का कोनी? सांग तिले."

कवडूने आवाज सुरू केला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या कामाची तारीफ केली. सुरुवातीला अडखळला, मग थांबेना. गाठी, मात्रा, उंदरांची भूक, सगळं आलं. मॅडमनी अहवालाची मधली पानं उघडली, बराच वेळ वाचली, आणि कवडूचं औषध पुढे जाईल असं जाहीर केलं. रोशननेही टाळ्या वाजवल्या.

धुरपताबाईंनी लगेच मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन लॅपटॉपवरून ओवाळल्या. कॅमेरा चालूच होता. मॅडमनी हे काय म्हणून विचारलं, कवडूने कान लाल करून सांगितलं. मॅडमनी कॅलेंडर उघडलं. मग म्हणाल्या, चाचणीचा अर्ज सरकारकडे जाईल त्या दिवशी आईंना थोडा वेळ असेल का?