सातवा प्रश्न

अर्जातला सातवा प्रश्न मी लिहिला होता: ‘आपली कोणते नवे काम शिकण्याची तयारी आहे?’ लिहून झाल्यावर मला तो आवडलाही होता.

काम गेलेल्या माणसांना सरकारी खर्चाने नवं काम शिकवायचं आणि शिकून झाल्यावर त्यांना कामावर घ्यायची जबाबदारी कायद्याने मालकांवर टाकायची, असं आमचं विधेयक. लालबागच्या एका वाचनालयात बसून आम्ही सहा-सात जणांनी मसुदा केला. दादरचे एक आमदार ते अशासकीय विधेयक म्हणून मांडायला तयार झाले. अट एकच होती. काम गेलेल्या माणसांचे भरलेले अर्ज आणा, सभागृहात दाखवायला हातात काहीतरी हवं. त्यांच्या पीएने बजावलं, “अर्धवट अर्ज चालणार नाहीत. सोमवारपर्यंत.”

पहिला अर्ज घेऊन मी शेजारच्या काकांकडे गेले. छापखान्यात ते सव्वीस वर्षं मशीनमन होते. मालकाने नवं मशीन भिवंडीला बसवलं, तिथे दोन पोरं पुरतात, आणि परळचा छापखाना बंद झाला. आमच्या घरात मी अक्षरं शिकले ती चळवळीच्या पत्रकांवरून. बाबा लिहायचे, काका छापायचे, आई पातेल्यात खळ शिजवायची आणि चिकटवायला आम्ही सगळे. बाबा गेले, तरी उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत.

“या पुढारीण,” काका म्हणाले. “आज कुणाचा निषेध?”

“निषेध नाही, अर्ज आहे. भरा.”

त्यांनी चष्मा लावला. नाव, पत्ता, वय, पदनाम, काम कधी गेलं. सातव्या प्रश्नाशी पेन थांबलं.

“मला काम येतं,” ते म्हणाले.

“काका, पण ते मशीनच राहिलं नाही.”

“मशीन गेलं गं. मी आहे ना? छापताना चार रंगांतला एक केसभर सरकला तर मला लांबून दिसतो. ते लिहायला जागा कुठाय ह्यात?”

जागा नव्हती. पदनामासाठी एक ओळ होती, तिच्यात ‘मशीनमन’ एवढंच मावलं होतं.

आतून काकू म्हणाल्या, “गो बाय, तुझ्या कायद्यान आमची चूल पेटतली काय?”

“पेटेल काकू.”

“मगे लवकर पेटव.”

काकांनी सातवा प्रश्न कोरा ठेवला आणि सही केली. पुढे घरोघर हेच झालं. कुणी ‘तेच’ लिहिलं, कुणी ‘काही नाही’ लिहिलं, बहुतेकांनी काहीच लिहिलं नाही. मला राग आला. ज्यांच्यासाठी कायदा मागतोय त्यांनाच एक ओळ लिहायला जड जातंय, असं मी वाचनालयात मोठ्याने बोलले. आज ते आठवलं की कान तापतात.

रविवारी दुपारी मी गठ्ठा घेऊन बसले आणि कोऱ्या जागा भरल्या. गिरणीच्या कापड खात्यातल्याला वाहनदुरुस्ती. पॅकिंगवालीला संगणक. काकांना एसी दुरुस्ती. हात जराही अडखळला नाही, कारण हे मी आयुष्यभर करत आले आहे. सातवीत असल्यापासून चाळीतले अर्ज माझ्याकडे यायचे, रेशनकार्डाचे, शाळाप्रवेशाचे, हॉस्पिटलात सवलत मिळवायचे. ‘तू भर, आम्ही सही करतो’ म्हणायचे. मी काय लिहिलं ते कुणी कधी वाचून पाहिलं नाही. मी त्याला सेवा म्हणायचे.

सोमवारी चार कामगारांना घेऊन आम्ही आमदारांच्या कार्यालयात गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमदारांनी वरचाच अर्ज उचलला.

“वा, एसी दुरुस्ती! चांगलं आहे. सभागृहात हेच सांगतो. मशीनमन होते, आता एसी शिकायला तयार आहेत. का हो?”

काकांनी हात पुढे करून अर्ज घेतला. बराच वेळ पाहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. ‘हो’ म्हणा, एवढंच म्हणा, असं मनात चाललं होतं.

“हे अक्षर माझं नाही,” ते म्हणाले.

आमदारांनी गठ्ठा चाळला. निळी शाई, एकच वळण, पानामागून पान. “सगळ्यांनी एकाच बाईंच्या हाताने तयारी दाखवलीय वाटतं,” ते हसून म्हणाले. मग हसू गेलं. “समोरच्या बाकावर कुणाच्या हाती हे पडलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुढच्या अधिवेशनाला बघू.”

दादरहून आम्ही चालत निघालो. बाकीचे पुढे गेले. हिंदमाताच्या पुलाखाली मला राहवलं नाही.

“एक ‘हो’ म्हणाला असता तर विधेयक सभागृहात गेलं असतं, काका. तुमच्या एकट्यासाठी होतं का ते?”

ते चालायचे थांबले नाहीत. “तुझ्या बाबांची पत्रकं मी छापायचो. एखादा शब्द चुकलाय असं वाटलं तर मशीनवर प्लेट लावायच्या आधी चाळीचा जिना चढून वर यायचो. विचारायचो. मला बदलता आला नसता काय?”

 परळ येईपर्यंत मी त्यांच्या एक पाऊल मागून चालले.

आम्ही अर्ज नव्याने केला. सातवा प्रश्न आता असा आहे: ‘आपल्याला काय काय येते?’ खाली अर्धं पान मोकळं सोडलंय. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचं, लिहिता येत नसेल तर सांगायचं आणि लिहिलेलं वाचून घ्यायचं, असा नियम मीच मांडला. पण दुसऱ्यांदा दार उघडताना माणसं वेगळी वागतात. “मागच्याचं काय झालं?” एकाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कडी लावली. दोन घरं विरारला गेली. पॅकिंगवाली म्हणाली, “ताई, तुम्ही लिहिलेला संगणक बराच होता की.”

काका आता परळच्या एका हॉस्पिटलात कंत्राटावर आहेत. स्ट्रेचर ढकलतात, रात्रपाळी. परवा सकाळी ते घरी आले, गॅलरीतल्या स्टुलावर बसले. बूट काढायलाही वाकले नाहीत. मी अर्ज पुढे केला. म्हटलं, “आता जागा आहे, काका. अर्धं पान.”

त्यांनी वाचलं. पेन हातात घेतलं, बोटांत फिरवलं, खाली सही केली आणि परत माझ्याकडे दिलं.

“तूच भर.”

“असं नको. तुम्ही सांगा, मी लिहिते. रंगांचं सांगा.”

“काहीही लिही गं. एसी लिही.”

काकूंनी येऊन त्यांचे बूट काढले. 

मला ते अर्धं पान भरता येईल. शाई पाण्याशी कशी जुळवतात, कागद दमट आहे का ते कळायला काका तो कानाशी कसा हलवायचे, लहानपणी छापखान्यात बसून सगळं पाहिलंय. त्यांनी परवानगीही दिली आहे. अर्ज माझ्या टेबलावर आहे, सही झालेला, सातवा प्रश्न कोरा. पुढचं अधिवेशन जवळ आलंय, सोमवारी गठ्ठा द्यायचाय आणि कोरे अर्ज पीए घेत नाहीत. काकांचं दार सकाळी नऊला लागतं ते संध्याकाळी सहाला उघडतं. काल सहाला मी गेले, तेव्हा ते बूट घालत होते.